ॲलर्जीची सर्दी : गोळी केव्हा, नाकातला फवारा केव्हा?

तिरुवैयारु (तंजावर), तमिळनाडू : पौष वद्य पंचमीला येथे कावेरीच्या काठी, त्यागराजांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती सादर करतात. त्यागराजांनी १८४७ मध्ये येथेच देह ठेवला आणि पुढे बंगळूर नागरत्नम्मा यांनी समाधीस्थानी मंदिर उभारले. आराधनेची ही तिथी बहुधा जानेवारीत येते. याच सुमारास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामातील भाताची कापणी होते, मळणीची धूळ हवेत तरंगते आणि पोंगलच्या आदल्या दिवशी भोगीचा धूर त्यात मिसळतो. ॲलर्जीने नाक चोंदणाऱ्या गायकाला याहून गैरसोयीचा काळ क्वचितच असेल. अशा वेळी गोळी घ्यावी की नाकात फवारा मारावा? पहिली स्वस्त आणि परिचित. दुसऱ्यावर ‘स्टेरॉइड’ हा शब्द छापलेला. त्यामुळे बहुतेकांचा हात गोळीकडेच वळतो. ही निवड नेहमी योग्य ठरतेच असे नाही.

परागकण, धूळ किंवा बुरशीचे सूक्ष्म कण नाकाच्या आतील आवरणावर बसले की ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. खाज, सलग शिंका आणि पाण्यासारखे गळणारे नाक हे मुख्यतः त्याचेच काम. पण प्रकरण तेथे संपत नाही. काही तासांनी दाह निर्माण करणाऱ्या इतर पेशी तेथे जमतात, आवरण सुजते आणि नाक चोंदते. संपर्क रोज होत राहिला तर ही सूज ओसरतच नाही.

अँटिहिस्टामिन गोळी पहिल्या टप्प्यावर काम करते. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीतील औषधे साधारण तासा-दोन तासांत शिंका व खाज कमी करतात. डोळ्यांची खाज आणि अंगावर उठणारे पित्त यांवरही ती उपयोगी पडतात. चोंदलेल्या नाकावर मात्र त्यांचा प्रभाव तोकडा. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते, तोंड आणि घसा कोरडा पडतो. वाहनचालकासाठी गुंगी धोक्याची, गायकासाठी कोरडा घसा. सेटिरिझिननेही काहींना झोप येते. त्यामुळे कार्यक्रमाच्या सकाळी आयुष्यात प्रथमच एखादी गोळी घेऊन पाहणे शहाणपणाचे नाही. फेक्सोफेनाडिन घेणाऱ्यांनी एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी : ही गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषली जाते. ती पाण्याबरोबरच घ्यावी.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांचे फवारे दाहाच्या मुळाशी काम करतात. शिंका, गळणे आणि चोंदणे या तिन्हींवर, विशेषतः चोंदण्यावर, ते गोळीपेक्षा सरस ठरतात. अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने २०१७ मध्ये बारा वर्षे व त्यापुढील वयाच्या, हंगामी ॲलर्जीच्या रुग्णांना सुरुवातीला केवळ हा फवारा द्यावा, त्यास गोळीची नित्य जोड देऊ नये, अशी शिफारस केली. अडचण वेळेची आहे. काही परिणाम पहिल्या दिवसातच जाणवू शकतो, परंतु पूर्ण लाभासाठी रोजच्या वापराचे एक ते दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून ‘गुण आला नाही’ म्हणून बाटली कपाटात टाकणारे असंख्य आहेत. पौष वद्य पंचमीला गायचे असेल, तर फवारा पौष शुद्ध पंचमीच्या आसपास सुरू व्हायला हवा.

महाराष्ट्रातही हे गणित उपयोगी आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे आढळलेले गाजर गवत आज देशभर पसरले असून त्याचे परागकण अनेकांना दरवर्षी त्याच महिन्यांत छळतात. त्रासाचा काळ ठाऊक असेल, तर त्याच्या थोडे आधी वैद्यकीय सल्ल्याने फवारा सुरू करता येतो. वर्षातून चार-दोनदा, जुने कपाट झाडताना येणाऱ्या शिंकांना मात्र गोळी पुरेशी आहे. त्यासाठी महिनाभर फवारा मारण्याचे कारण नाही.

स्टेरॉइडची भीती बहुतांशी तोंडाने किंवा इंजेक्शनने दीर्घकाळ घेतलेल्या औषधांच्या अनुभवातून आली आहे. फवाऱ्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन रक्तात अत्यल्प उतरतात. ‘सवय लागते’ हा दोष खरे तर दुसऱ्याच बाटलीचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक मोकळे करतात, पण ते थोड्या दिवसांहून अधिक वापरल्यास औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा घट्ट चोंदते आणि माणूस पुन्हा त्याच थेंबांकडे वळतो. दोन्ही बाटल्या नाकात मारायच्या, म्हणून एकाची बदनामी दुसऱ्याच्या माथी आली.

फवाऱ्याचा नेहमीचा उपद्रव म्हणजे नाकातून थोडे रक्त येणे, आणि तो पुष्कळदा मारण्याच्या पद्धतीमुळे होतो. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा आणि टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या, कानाच्या बाजूस वळवावे. श्वास हळू घ्यावा; जोराने ओढल्यास औषध नाकात न राहता घशात उतरते.

काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना आधी तसे सांगावे. मुलांनी फवारा दीर्घकाळ वापरल्यास उंचीची नोंद ठेवावी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. धाप, छातीत घरघर, एकाच नाकपुडीचे सततचे चोंदणे किंवा वारंवार रक्तस्राव असेल, तर गोळी की फवारा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.