हँडब्रेक ओढा, बेटावर चाललोय!

गोव्याला स्वतःची गाडी नेताय? मग एक दिवस बागा-कळंगुटला सुट्टी द्या. गाडीसकट फेरीबोटीत चढा आणि मांडवीतल्या दिवाडी बेटावर उतरा.

गोव्याचा प्लॅन दर ऑफिसात दर वर्षी शिजतो आणि बहुतेक वेळा कॅन्टीनमध्येच बुडतो. समजा, यंदा तो तरला. बॉसने रजा दिली, चौघांनी पेट्रोलचे पैसे काढले, गाडी घाट उतरून गोव्यात पोचली. आता पुढे काय? तोच बीच, तोच शॅक, तेच फोटो? त्यापेक्षा पणजीहून जुन्या गोव्याची वाट धरा. जेमतेम 10 किलोमीटर. चर्चच्या गर्दीतून नदीकडे वळलात की एक जुनी दगडी कमान लागते. हीच ती व्हाइसरॉयची कमान, 1599 च्या सुमारासची. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय इथूनच गोव्यात पाऊल टाकायचा. आपण उलट्या दिशेने निघायचं. कमानीपलीकडे धक्का आहे, आणि धक्क्यावर रस्ता संपतो.

रस्ता असा सरळ पाण्यात गेलेला पाहिला की पहिल्यांदा पोटात थोडं गलबलतं. इतक्यात पलीकडून फेरीबोट येते. सपाट, पसरट, लोखंडी. पुढचा रॅम्प खडखडत धक्क्यावर टेकतो. आतली माणसं, स्कूटर, गाड्या बाहेर पडतात आणि आपली पाळी येते. इथे शहरातली शायनिंग चालत नाही. फेरीबोटीवरचा माणूस हाताने खुणा करेल, मुकाट्याने तसंच करायचं. पहिल्या गिअरमध्ये हळूच चढा, तो सांगेल तिथे थांबा, इंजिन बंद, हँडब्रेक वर. ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं आणि रॅम्पचा उतार वाढतो. गाडी खालून बसकी असेल तर बंपर घासायची भीती तेव्हाच जास्त. म्हणून अशा वेळी घाई नको आणि शक्य असेल तर मागच्या सीटवरच्या मंडळींना खाली उतरवा.

नदी ओलांडायला जेमतेम काही मिनिटं लागतात. तेवढ्यात काच खाली करा, नाहीतर सरळ गाडीबाहेर येऊन कठड्याला टेका. बाजूला कुणी भाजीची पिशवी घेऊन उभं असतं, कुणी ऑफिसातून घरी चाललेलं असतं. तुमची ट्रिप म्हणजे त्यांची लोकल आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचा दिवस छान जातो.

पलीकडे उतरलात की पहिली जाणवते ती शांतता. दोन्ही बाजूंना सपाट हिरवी जमीन. ही खाजन शेती. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, दारांमधून ते हवं तेवढंच आत-बाहेर सोडायचं आणि आत भात घ्यायचा, असं हे जुनं तंत्र. खारेपणा सोसणारा कोरगुट भात याच जमिनींचा. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन नापीक होते. म्हणून बांध राखणं हे एकट्यादुकट्याचं नाही, गावाचं काम.

इथून पिएदादच्या टेकडीवर गाडी चढवा. वर चर्च आहे, जुनी टुमदार घरं आहेत. चर्चच्या आवारातून पलीकडच्या काठावरच्या जुन्या गोव्याचे मनोरे झाडीतून वर आलेले दिसतात. आणखी एक गंमत म्हणजे, कोकण रेल्वेने गोव्याला गेला असाल तर तुम्ही या बेटावरून आधीच गेला आहात. रुळ दिवाडीवरूनच जातात, फक्त गाडी थांबत नाही. बेटाला स्टेशनच नाही! मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या आपल्याला ते कळलेलंही नसतं.

पण दिवाडीची खरी गोष्ट बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्यात आहे. कदंब राजांचं दैवत श्रीसप्तकोटीश्वराचं देऊळ मुळात इथलं. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवरही या देवाचं नाव आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं. लिंग विहिरीवर वापरलं जात होतं आणि भक्तांनी ते गुपचूप नदीपलीकडे नेलं, असं सांगतात. डिचोली तालुक्यातल्या त्या काठावरच्या गावाचं नावही नार्वेच. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला, तसा शिलालेख तिथे आहे. अलीकडे देवळाचं जतनकाम झालं आणि 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं.

म्हणून आल्या वाटेने परत फिरू नका. नार्व्याहूनही फेरीबोट सुटते. तिच्यात गाडी घाला आणि देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून पलीकडे जा. मग देवळात टेका माथा. गूगल मॅपवर हे अंतर किरकोळ दिसेल, पण या दोन नार्व्यांमध्ये काही शतकं आहेत.

आता थोडं सिरियस. दिवाडीला पूल नाही. आपल्याला त्याचं भारी कौतुक वाटतं. वा, किती शांत, किती अनटच्ड! पण रात्री पोटात दुखायला लागलं, बाळंतीण अडली, परीक्षेला उशीर झाला, की तीच नदी केवढी रुंद होते याचा विचार करून बघा. म्हणूनच बेटावर पुलाची मागणी जुनी आहे. आणि पूल आला की मागोमाग बिल्डर आणि आपल्यासारख्यांच्या गाड्यांची रांग येईल, हा विरोधही तितकाच खरा. गोव्याने पुलाचा भरवसाही अनुभवलाय. 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि लोकांना पुन्हा फेरीबोटीचाच आधार राहिला.

पूल व्हावा की नको, हे दिवाडीकरांनी ठरवायचं. एका दिवसासाठी आलेल्या आपण नाही. आपल्या हातात एवढंच आहे की त्यांच्या बोटीतली जागा आपण किती सहज अडवतो. बोटीत मोजक्याच गाड्या मावतात. सकाळी कामावर जायच्या आणि संध्याकाळी घरी परतायच्या वेळा टाळा. रांगेत मागे कुणी खरंच घाईत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या आणि पुढची फेरी धरा. तुमचं काय बिघडणार आहे? तुम्ही तर सुट्टीवर आहात.

जाण्याआधी हे वाचा

कसं जाल : पणजी ते जुना गोवा धक्का, तिथून फेरीबोट. रायबंदरहूनही दिवाडीला फेरीबोट आहे. परतीला नार्वे. शेवटची फेरी कधी, ते जाताना धक्क्यावरच विचारून घ्या, नाहीतर मुक्काम पडेल!

कधी जाल : पावसाळ्यात बेट हिरवंगार. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो. वाड्यावाड्यांच्या हद्दीच्या जुन्या भांडणातून आलेला हा झेंड्यांचा उत्सव. त्या दिवशी गाडी अलीकडेच ठेवा आणि चालत चढा.

सोबत काय : सुटे पैसे, पाणी, टोपी. बेटावर शॅक-डिस्को शोधू नका.

वेळ उरला तर : रायबंदरहून चोडण बेट गाठा. धक्क्याजवळच खारफुटीतलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. या मार्गावर 2025 मध्ये मोठ्या रो-रो बोटीही सुरू झाल्या.

सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, कुठल्या बीचवर गेला होतात, तर खुशाल सांगा : बीच नाही, गाडी बोटीत घातली होती!