वृक्षाचे छायाचित्र : पार्श्वभूमी व रंग यांचा विचार

फाल्गुनाच्या सुमारास सह्याद्रीच्या परिसरात पांगारा फुलतो आणि कोशिंबाला तांबडीलाल पालवी येते. ही झाडे प्रत्यक्षात दुरूनही नजरेत भरतात. छायाचित्रात मात्र तीच पुष्कळदा फांद्यांच्या गुंत्यात हरवलेली आढळतात. माणसाचे दोन डोळे आणि चालताना बदलत जाणारा दृष्टिकोन यांच्या योगे झाड मागील रानापासून वेगळे दिसते. छायाचित्रात झाड व रान एकाच पृष्ठावर येतात. म्हणून जे वेगळेपण दृष्टीला अनायासे लाभते, ते चित्रात प्रकाशाकडून मिळवावे लागते. आणि ते बहुतांशी उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते.

पांगारा फुलताना बहुधा निष्पर्ण असतो. त्याच्या खाली उभे राहून चित्र घेतल्यास मागे पांढरट आकाश येते व त्यापुढे फुले काळवंडतात. शिवाय कॅमेरा वर कलल्यामुळे बुंधा शेंड्याकडे निमुळता होत जातो. तेच झाड समोरच्या चढावरून, कॅमेरा समपातळीत धरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपावे. सकाळी पश्चिमेकडे उतरणारी डोंगरबाजू सावलीत असते. तिच्यापुढे उन्हात आलेले झाड आपोआप उठून दिसते. मात्र काळोखी पार्श्वभूमी पाहून कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन चित्र गरजेहून अधिक उजळ करते आणि पाकळ्यांतील बारकावे लाल रंगातच बुडतात. अशा वेळी प्रकाश थोडा कमी घेणे इष्ट.

रंग हा या विचारातील दुसरा टप्पा होय, पहिला नव्हे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील अ‍ॅस्पेन वृक्षांचे १९५८ मधील चित्र कृष्णधवल आहे; तरीही गडद रानापुढचे उजळ झाड त्यात स्पष्ट उभे राहते.

हिरव्या रंगाची अडचण निराळी आहे. मराठीत पोपटी, शेवाळी, हिरवाकंच असे भेद आहेत, आणि ते केवळ शब्दांचे नाहीत. पानातून आरपार आलेला प्रकाश पोपटी भासतो, कारण हरितद्रव्याने त्यातील तांबडा व निळा भाग बराचसा शोषलेला असतो. उलट पानाच्या मेणचट पृष्ठावरून परतणारा प्रकाश पानात शिरलेलाच नसतो. तो आकाशाची निळसर-पांढरी झाक घेऊन येतो व हिरवेपणावर पडदा टाकतो. संगणकावर रंग गडद केल्याने हा पडदा दूर होत नाही. सर्वच हिरवे एकदम भडक होतात, आणि जे भेद हवे होते तेच पुसट होतात.

भिंगापुढे ध्रुवण गाळणी लावून ती हळूहळू फिरविल्यास पानांवरील ही चकाकी बरीच कमी होते. पावसात भिजलेल्या झाडांवर तर तिचा उपयोग विशेष जाणवतो, कारण ओल्या पानांची चकाकी अधिक असते. ढगाळ हवेतला मऊ उजेड अशा चित्रांना मानवतो. फक्त त्यात पांढरे आकाश चौकटीबाहेर ठेवावे. गाळणीमुळे प्रकाश सुमारे तीन ते चार पटींनी घटतो व त्या प्रमाणात उघडझापेचा अवधी वाढवावा लागतो. तिपाईने कॅमेरा स्थिर राहतो, पाने राहत नाहीत. तेव्हा वारा पडेपर्यंत थांबणे एवढाच उपाय उरतो.