धुराचे परवाने आणि त्यांचा बाजार

हवेचा बाजार भरतो, असें कोणीं सांगितलें तर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ती थट्टा वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. ईश्वरानें सर्वांस फुकट दिलेल्या वस्तूवर भाव लावावयाचा, ही कल्पनाच मनास रुचत नाहीं. परंतु युरोपांत २००५ सालापासून असा बाजार चालू आहे, आणि भारत सरकारनेंही २०२३ सालीं त्या जातीची एक योजना जाहीर केल्यामुळें हा विषय आपल्या दाराशीं आला आहे. तेथें विकली जाते ती हवा नव्हे. हवेंत धूर सोडण्याची मुभा होय.

विजेचे, पोलादाचे, सिमेंटचे कारखाने कोळसा व तेल जाळतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूनें पृथ्वीची उष्णता वाढते. म्हणून युरोपीय संघानें अशा सर्व कारखान्यांनीं मिळून वर्षांत किती टन वायु सोडावा हें ठरविलें, आणि टनास एक याप्रमाणें परवाने काढले. कांहीं फुकट वांटले जातात, कांहींचा लिलाव होतो. वर्ष सरल्यावर कारखान्यानें जितके टन सोडले तितके परवाने सरकारास परत द्यावयाचे. कमी पडल्यास टनामागें १०० युरो, व पुढें महागाईप्रमाणें त्याहून अधिक, दंड २००८ पासून आहे. शिवाय दंड भरूनही सुटका नाहीं, तूट भरून द्यावीच लागते. ज्यानें यंत्रें सुधारून धूर कमी केला, त्यास उरलेले परवाने विकतां येतात.

खरी अडचण भावाची. आरंभीं सरकारांनीं परवाने सढळ हातानें वांटले होते. एप्रिल २००६ मध्यें पहिल्या वर्षाचा हिशेब बाहेर आला, तेव्हां ते गरजेहून अधिक असल्याचें उघड झालें आणि तीस युरोंच्या आसपासचा भाव थोड्याच दिवसांत निम्म्यावर आला. हे परवाने २००७ अखेर बाद व्हावयाचे होते, पुढील कालखंडासाठीं राखून ठेवण्याची सोय नव्हती. मुदत जवळ येतां येतां त्यांची किंमत जवळजवळ शून्य झाली. जुन्या वर्तमानपत्रास निदान रद्दीचा भाव तरी येतो! गंमत अशी कीं, त्याच वेळीं २००८ च्या परवान्यांचे सौदे वीस युरोंच्या वर होत होते. पुढें जागतिक मंदी आली, शिल्लक परवाने सुमारें दोन अब्जांवर गेले, आणि २०१३ सालीं भाव पांच युरोंखालीं उतरला. २०१९ पासून जादा परवाने राखीव सांठ्यांत काढून ठेवण्याची व्यवस्था झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें तोच भाव १०० युरोंपलीकडे गेलेला दिसतो.

आतां एका वीज-कंपनीची स्थिति पाहूं. तपकिरी कोळशापासून एक मेगावॉट-तास वीज काढतांना सुमारें एक टन वायु निघतो. कंपनी आपली वीज दोन-तीन वर्षें आधींच ठराविक दरानें विकून बसते. समजा, तिला दहा लाख परवाने लागणार. करार करतांना भाव २० युरो होता आणि खरेदीच्या वेळीं २५ झाला, तर ५० लाख युरोंचा खड्डा पडला. म्हणून वीज विकते त्याच दिवशीं ती परवान्यांचाही वायदा करते: अमुक सालच्या डिसेंबरांत इतके परवाने, या भावानें. मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांस हें तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. भाव पुढें उतरला तर त्या स्वस्ताईस कंपनी मुकते. पण निश्चितता हवी तर तेवढें सोसलें पाहिजे.

मात्र वायद्यानें धोका नाहींसा होत नाहीं, तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. भाव विरुद्ध गेल्यास रोजच्या रोज अनामत भरावी लागते, आणि रोकड जवळ नसेल तर शहाणपणानें केलेला सौदाही गळ्याशीं येतो.

आमच्या मतें मोठा धोका चढत्या भावाचा नसून पडत्या भावाचा आहे. ज्यानें कर्ज काढून स्वच्छ भट्टी बांधली, त्याचा आळशी शेजारी पांच युरोंत सुटतो. भट्टी तीस वर्षें चालावयाची; इतका लांबचा वायदा बाजारांत मिळत नाहीं. येथें राज्यकर्त्यांनींच पुढें यावें लागतें. ब्रिटननें एप्रिल २०१३ पासून वीज-कारखान्यांच्या कोळशावर परवान्याखेरीज आणखी एक कर बसविला. २०१२ सालीं तेथील सुमारें चाळीस टक्के वीज कोळशाची होती. शेवटचें कोळशाचें वीजघर ३० सप्टेंबर २०२४ रोजीं बंद झालें. त्याच्या कारणांत हा कर एक होय.