पाच, पन्नास, पाचशे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे चालणे तपासावयाचे म्हणजे त्याला दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवून पाहावे आणि जे दिसले ते कागदावर उतरवावे, असा समज पालकांत, आणि काही अंशी नवशिक्या उपचारकांतही, रूढ असतो. परंतु भौतिकोपचार विभागात काही काळ काढलेल्या कोणालाही तो फार दिवस बाळगता येत नाही, कारण चार अनोळखी माणसांसमोर मूल जे करून दाखविते आणि घरी, शाळेत, बाजारात जे नित्य करते, त्या दोहोंत पुष्कळदा तफावत असते, आणि या तफावतीची नोंद घेतल्यावाचून तपासणी पुरी होत नाही.

सातारा जिल्ह्यातून आलेला, मुदतीपूर्वी जन्मलेला, दोन्ही पायांत ताठरपणा पण हात बऱ्यापैकी मोकळे असलेला आठ वर्षांचा एक मुलगा उदाहरणादाखल घेतो. आरंभ टेबलावर होतो. गुडघा वाकवून पाऊल वर ढकलले तर ते काटकोनापर्यंत येते, गुडघा सरळ करताच मात्र अलीकडेच अडते. त्यावरून दोष पोटरीच्या वरच्या, म्हणजे गुडघा ओलांडून जाणाऱ्या, स्नायूत मुख्यत्वे आहे हे कळते. तोच सांधा आधी सावकाश आणि मग झटक्याने हलवून दोन्ही वेळचे कोन गोनिओमीटरने मोजतात. त्या दोन कोनांत अंतर मोठे असेल तर ताठरपणा प्रबळ समजावा, अंतर थोडे आणि हालचालच अपुरी असेल तर स्नायू खरोखरच आखूड झालेला समजावा. पहिल्याला इंजेक्शनाने काही काळ उतार पडू शकतो, दुसऱ्याला प्लॅस्टर किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. म्हणून ही मोजणी घाईने उरकता येत नाही.

मग अनवाणी चालणे, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. निरोगी चालीत प्रत्येक पाऊल एका आवर्तनाचा सुमारे 60 टक्के काळ जमिनीवर आणि 40 टक्के काळ अधांतरी असते. या मुलाची टाच जमिनीला लागतच नाही, गुडघे एकमेकांना घासतात, आणि उचललेले पाऊल पुढे नेण्यासाठी सारे धड दुसऱ्या बाजूस झुकते. स्थूल हालचालींच्या 88 कलमी मापनात एक कलम आधाराविना दहा पावले चालण्याचे आहे: चालण्यास आरंभच झाला नाही तर शून्य, तीनहून कमी पावलांना एक, तीन ते नऊ पावलांना दोन, दहा पुरी झाल्यास तीन गुण. तीनदा संधी देऊन उत्तम ती कामगिरी धरण्याचा शिरस्ता आहे. मुलाने ओठ आवळून सात पावले टाकली. आम्ही दोन गुण मांडले आणि त्याला शाबासकी दिली.

“घरी असा सुटा नाही हो चालत,” आई म्हणाली. “तुमी सगळी बघताय म्हणून चालला.”

आईच्या या जबानीला शास्त्रात स्थान आहे. मेलबर्नच्या केर ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या मापनपद्धतीत पाच, पन्नास आणि पाचशे मीटर अशी तीन अंतरे मुक्रर केली आहेत, ती अनुक्रमे घर, शाळा आणि बाहेरचा वावर यांची प्रतिनिधी म्हणून. आणि ती चालवून पाहावयाची नसतात, विचारून घ्यावयाची असतात.

“ताई, घरात कसा फिरतो?”

“भिंत धरून धरून.”

“आणि शाळेत?”

“वॉकर हाय. पर बाजारात न्यायचं तर खुर्ची, थोरला ढकलतोय.”

भिंतीचा आधार काठीच्या बरोबरीचा धरून चार, वॉकरला दोन, चाकाच्या खुर्चीला एक; दप्तरी नोंद झाली 4, 2, 1.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित रॉबर्ट पालिसानो आणि सहकाऱ्यांनी 1997 साली मांडलेले, आणि 2007 साली अठरा वर्षे वयापर्यंत विस्तारलेले, पाच पातळ्यांचे वर्गीकरणही हाच दंडक पाळते: मूल एरवी काय करते ते पाहावे, क्वचित काय करू शकते ते नव्हे. त्यानुसार हा मुलगा तिसऱ्या पातळीत बसतो. सात पावलांच्या भरवशावर त्याला दुसऱ्या पातळीत चढविले असते तर शाळेला वॉकरची निकड पटवून देणे आम्हांसच कठीण झाले असते.

आईने अखेर विचारले, “सुटा चालंल का हो?” स्थूल हालचालींची बहुतांश वाढ पाच वर्षांच्या आसपास पुरी होते आणि त्यानंतर पातळी सहसा बदलत नाही, हे तिला स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य होते, आणि ते आम्ही सांगितले. मात्र त्याच तीन आकड्यांवरून पुढील तजवीजही ठरली: घरात भिंतीला कठडा, शाळेच्या पायऱ्यांलगत उतरण, आणि बाजारासाठी चाकाची खुर्ची निःसंकोच वापरण्याची मुभा, कारण पाचशे मीटर रखडत जाऊन दमलेल्या मुलास बाजार पाहावयाची उमेद उरत नाही, आणि बाजारात जाण्याचा हेतू तर बाजार पाहणे हाच असतो.