आपल्यातला माणूस

नोकरीसाठी माणसे निवडण्याचे काम मी तीस वर्षे केले. मुलाखती संपल्या की समितीतला कुणीतरी हमखास म्हणायचा, ‘हा मुलगा आपल्यातला वाटतो.’ या एका वाक्यावर कितीतरी नेमणुका झाल्या, आणि त्यांवर माझीही सही असे.

एकदा भांडारपालाच्या जागेसाठी एक तरुण आला. बोलणे गावाकडचे, कपडे साधे. नोंदवहीचे एक पान त्याच्यापुढे ठेवून मी विचारले, ‘काय दिसते?’ त्याने बेरजेतली चूक दाखवली. ती आमचीच होती. मला तो आगाऊ वाटला. ‘आपल्यात मिसळणार नाही,’ असे म्हणून मी गोड बोलणारा दुसरा उमेदवार निवडला. वर्षभरात साठ्याचा हिशेब लागेना आणि त्याने ते कुणाला सांगितलेही नाही.

संस्थेची संस्कृती म्हणजे सारखी भाषा, सारखे कॉलेज किंवा ओळखीचे आडनाव नव्हे. अडचणीच्या वेळी माणसे कशी वागतात, ती संस्कृती.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे उदाहरण पाहा. २६ नोव्हेंबर २००८ रोजी तिथे दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा अनेक कर्मचारी पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. काहींनी प्राण गमावले. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी अंजली रैना यांच्यासह २०११ मध्ये यावर लेख लिहिला. ताज समूह महानगरांपेक्षा लहान शहरांतून मुले घेई, असे त्यात आढळते. गुणांपेक्षा वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, हसतमुखपणा आणि घराला हातभार लावण्याची निकड पाहिली जाई. पुढे प्रशिक्षण मात्र इतरत्र असते तसे १२ महिन्यांचे नव्हे, तर १८ महिन्यांचे. म्हणजे नुसत्या निवडीने भागत नाही. निवडलेल्याला घडवावेही लागते.

आपले दुकान असो वा पतपेढी, एवढे जरूर करावे. आपल्याला कोणते वागणे हवे, ते मुलाखतीपूर्वी तीन ओळींत लिहून काढावे. प्रत्येक उमेदवाराला तोच प्रश्न विचारावा : ‘तुमच्या हातून चूक झाली, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ आणि उत्तराची नोंद आपापसात चर्चा करण्याआधीच करावी. नाहीतर पहिला बोलेल त्याचेच मत सर्वांचे होते.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. माझा प्रश्न बरोबर होता. उत्तर ऐकायला मात्र मी चुकलो.