आबांचा पेचकस

माझ्या टेबलावर एक जुना, फूटभर लांबीचा पेचकस ठेवलेला आहे. पुस्तकी भाषेत त्याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात. आमच्या वऱ्हाडातले मिस्त्री मात्र पेचकसच म्हणतात. त्याची लाकडी मूठ हातांच्या घामाने काळीभोर झाली आहे. ध्वनीचे प्रकरण शिकवायला घेतले की मी तो वर्गात नेतो. हा पेचकस माझ्या आजोबांचा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

अकोल्यात आबांचे ट्रकदुरुस्तीचे छोटेसे गॅरेज होते. वर पत्र्याचे छप्पर, खाली डिझेल आणि ऑइल पिऊन काळी पडलेली जमीन. त्यांचा स्वतःचाही एक जुना ट्रक होता. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने 1954 सालापासून ट्रक तयार होऊ लागले. हे सहकार्य 15 वर्षे चालले. त्या काळातल्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. आबांचा ट्रक त्यांपैकीच एक होता. नवे ट्रक रस्त्यावर आले तरी त्यांनी तो विकला नाही.

गॅरेजला लागूनच घर होते. आजी स्वयंपाकघरातून हाका मारी, पण आबा ओ देत नसत. तेच रस्त्यावरून एखादा ट्रक गेला, की बाजेवर बसल्या बसल्या म्हणत, "याचं बेअरिंग गेलं." आजीचा मग संताप होई. ती म्हणे, "गाडीचं बरं आयकू येते तुमाले. माह्यं तेवढं आयकू येत नाही!" एकदा तिने साखर आणायला सांगितली, तर आबा म्हणाले, "भाकर खाल्ली ना मी." आम्ही पोरे हसलो. आजी दोन दिवस बोलली नाही. आबा मुद्दाम ऐकत नाहीत, असेच तिला वाटे. खरे सांगायचे तर आम्हांलाही तसेच वाटे.

गांधीग्रामची रात्र

1991 सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. अकोटच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातून कापसाच्या 30 गाठी घेऊन आमचा ट्रक अकोल्याला निघाला होता. एक गाठ 170 किलोग्रॅमची, म्हणजे एकूण भार पाच टनांहून थोडा अधिक. काका गाडी चालवत होते, शेजारी आबा, आणि मधे हट्टाने बसलेला मी. माल पहाटेपर्यंत पोचवायचा होता. तो वेळेवर पोचला नाही तर भाडे बुडणार होते.

पूर्णा नदीकाठच्या गांधीग्रामजवळ आबांनी एकदम हात वर केला. "गाडी बाजूले घे."

काकांना काहीच वेगळे ऐकू आले नव्हते. मलाही नाही. आबा म्हणाले, "कानाले नाही, पायाले लागून राह्यलं." त्यांचे तळवे ट्रकच्या लोखंडी तळावर टेकलेले होते.

काका म्हणाले, "बाबा, वीस किलोमीटर तं राह्यलं. हळूहळू जाऊ."

आबांनी उत्तर दिले नाही. ते पेचकस घेऊन खाली उतरले.

लोखंडातून येणारा आवाज

इंजिन संथ चालू ठेवून आबांनी पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. टोक एकेका जागी हलवत ते ऐकू लागले.

असे का करायचे? आवाज म्हणजे कंपने. इंजिनाच्या पोटातली कंपने त्याच्या जाड बिडाच्या भिंतीपर्यंत सहज येतात. पण पुढे हवेत शिरताना अडतात. बीड किंवा पोलाद जड आणि ताठर, हवा हलकी आणि विरळ. पोलादातून सरळ हवेत जाऊ पाहणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेचे एक लाख भाग केले, तर त्यांपैकी जेमतेम 4 भाग हवेत उतरतात. उरलेले सगळे सीमेवरूनच परत फिरतात. शिवाय त्या चार भागांत पंख्याचा आणि धुराड्याचा आवाज मिसळतो. पेचकस लावला की कंपनांना हवेत उतरावेच लागत नाही. ती पोलादातून लाकडात, लाकडातून हाडात आणि हाडातून थेट आतल्या कानात जातात. पेचकस टेकवलेल्या जागेचा आवाज सर्वांत मोठा येतो, म्हणून बिघाड कुठे आहे हेही कळते.

डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची जन्मकथा अशीच आहे. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात 1816 साली लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका रुग्ण स्त्रीच्या हृदयाचे ठोके ऐकायचे होते. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले. आबांना लेनेक ठाऊक नव्हता. पण दोघांची युक्ती एकाच जातीची होती.

ठोके मोजा

आबांनी मलाही पेचकस दिला. "आयक. ठक-ठक येते का?" मी ऐकले. इंजिनाच्या घरघरीखाली एक जाड, खोल ठोका स्पष्ट येत होता. मग ते म्हणाले, "आता वरतं लावून पाय. टॅपेटचा बारीक आवाज येते का, ते सांग. तो मले येत नाही." मी ऐकून सांगितले, की वरचा आवाज सारखा आहे. या वाक्यातले 'तो मले येत नाही' हे शब्द त्या वेळी माझ्या कानांवरून नुसते गेले.

आता थोडे गणित करू. इंजिन संथ चालते तेव्हा त्याचा दांडा मिनिटाला सुमारे 600 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 10. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला 5 स्फोट आणि सहा सिलिंडरमध्ये मिळून 30. तीसांची घरघर होते. पण एकाच सिलिंडरचे दुखणे असेल, तर तो पाचांचा ठोका सरावलेल्या कानाला वेगळा ओळखता येतो.

मग आबांनी एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीचा नट पाळीपाळीने सैल केला. नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तिथला स्फोट थांबतो. पहिल्या तिघांच्या वेळी ठोका तसाच राहिला. चौथ्याचा नट सैल करताच तो जवळजवळ नाहीसा झाला. घट्ट करताच परत आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, आणि काय फरक पडतो ते पाहायचे. प्रयोगशाळेत आम्ही तुम्हांला जे शिकवतो ते याहून निराळे नाही.

"चार नंबरचं बेअरिंग," आबा म्हणाले. "गाडी इथंच राहीन."

काका चिडले. भाडे जाणार होते, आणि डिझेलचा खर्च तर झालेलाच होता. पण आबा हलले नाहीत. रात्र आम्ही गाठींच्या आडोशाला काढली. सकाळी माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला गेला आणि भाडेही त्याच्याबरोबर गेले. काका एस.टी.ने अकोल्याला जाऊन बेअरिंग घेऊन आले. दुपारी आबांनी ट्रकखाली शिरून इंजिनाचे ऑइल चेंबर उतरवले आणि चौथ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवले. वरचा रुपेरी मऊ धातू झिजून खालचा तांबूस थर उघडा पडला होता.

इतक्याशा झिजेने काय बिघडते? डिझेल इंजिनात स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला 60 किलोग्रॅम इतका दाब सहज निर्माण होतो. दट्ट्याचा व्यास 10 सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर स्फोटाला दट्ट्यावर साडेचार टनांहून अधिक भार पडतो. आमच्या ट्रकमधल्या गाठींचा जवळजवळ सगळा भार! तो पेलण्यासाठी रॉड आणि दांडा यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. बेअरिंग झिजून जागा वाढली की तो पापुद्रा टिकत नाही आणि रॉड हातोड्यासारखा दांड्यावर आदळू लागतो.

उरलेले 20 किलोमीटर ताशी 30 च्या वेगाने जायला 40 मिनिटे लागली असती. मिनिटाला 1,500 फेरे धरले तर 60,000 फेरे, आणि चौथ्या सिलिंडरचे 30,000 स्फोट. म्हणजे तितकेच हातोडे. अशा वेळी रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येऊ शकतो. एका फेरीचे भाडे गेले, पण इंजिन वाचले.

मग आजीचे का ऐकू येत नव्हते?

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे अमरावतीला एम.एस्सी. करताना मिळाले. कानावरचा एक धडा वाचत असताना 'तो मले येत नाही' हे शब्द आठवले आणि पुस्तक मिटून मी तडक अकोल्याची गाडी पकडली. आबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी नादकाटा वाजवून तो कानामागच्या हाडाला टेकवला, मग कानासमोर हवेत धरला. ही साधी परीक्षा रिने या जर्मन डॉक्टरांनी 1855 साली सांगितली. हाडातून अधिक चांगले ऐकू आले, तर दोष पडद्यात किंवा मधल्या कानात असतो. आबांना हवेतूनच अधिक चांगले ऐकू येत होते. म्हणजे पडदा ठीक होता. नंतर यंत्रावर निरनिराळ्या कंपनसंख्यांचे सूर ऐकवले. 1,000 कंपनांपर्यंत आबा बऱ्यापैकी हात वर करत होते. 4,000 च्या आसपास मात्र ते नुसते बसून राहिले. दोष आतल्या कानात होता.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे 15,000 केसधारी पेशी असतात. तोंडाजवळच्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खालचे स्वर टिपतात. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसला की या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या उगवतात, हे 1980 च्या दशकाच्या अखेरीस आढळले. आपल्याला ती देणगी नाही.

नेमका 4,000 च्या आसपासच खड्डा का? बाहेरच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती एका बाजूने पडद्याने बंद. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. चौपट म्हणजे 10 सेंटिमीटर. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर. भागून पाहा: 3,400 कंपने! या भागातला आवाज कान स्वतःच मोठा करून आत सोडतो, आणि सर्वांत जास्त मार त्याच्या किंचित वरच्या स्वरांच्या पेशींना बसतो.

आता कोडे सुटले. बेअरिंगचा ठोका खालच्या स्वरातला, तो आबांना येत होता. टॅपेटची टकटक वरच्या स्वरातली, ती येत नव्हती. आपल्या भाषेतले स्वर खालच्या कंपनसंख्यांचे. पण स, श, ख, फ, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनसंख्यांत असते. 'साखर' मधले स आणि ख गळले की उरते 'आ-अर'. त्याची भाकर व्हायला कितीसा वेळ? आणि आजीचा आवाज तर मुळातच बारीक.

मी हे सारे आजीला समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चाळीस वर्षं भांडली मी बाप्पा या माणसाशी." त्या दिवसापासून ती लांबून हाक मारीनाशी झाली. आबा बाजेवर बसलेले असले, की ती जवळ येऊन बाजेच्या लाकडी गातावर बोटांनी दोनदा ठोके. लाकडातून ते ठोके आबांपर्यंत पोचत. ते वळून तिच्या तोंडाकडे पाहत आणि मग ती बोले. घन पदार्थातून ध्वनी कसा जातो, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

आज आबा नाहीत आणि आजीही नाही. तो ट्रकही भंगारात गेला. पेचकस तेवढा माझ्याकडे आहे.

करून पाहा, आणि सांभाळा

चालू इंजिनाजवळ तुम्ही जाऊ नका. पंखा आणि पट्टा जीवघेणे असतात. एक लाकडी पट्टी घ्या. तिचे एक टोक टेबलावरच्या टिकटिक करणाऱ्या घड्याळाला टेकवा, दुसरे कानामागच्या हाडाला. पट्टी नसताना आणि असताना काय फरक पडतो, ते वहीत लिहा. पट्टी कानात मात्र घालू नका.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तासांपेक्षा अधिक ऐकू नये, असे तज्ज्ञ सांगतात. दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मी करायची. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, आणि 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटे. वरातीतल्या डीजेसमोर आणि कानात इअरफोन घालून गाणी ऐकताना हा हिशोब करा. आबांना तो सांगणारे कुणी भेटले नाही. तुम्हांला मी सांगितला आहे.

आणि घरात एखादे आजोबा किंवा आजी तुमची हाक ऐकत नसतील, तर रागावण्याआधी त्यांच्या समोर जाऊन बसा, आणि सावकाश, जरा जाड आवाजात बोलून पाहा.