विलायतेस जाणाऱ्या मुलांचीं कागदपत्रें

मुलानें अथवा मुलीनें उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जावें, ही गोष्ट आतां आपल्या घरांतून नवलाची राहिलेली नाहीं. एके काळीं समुद्र ओलांडून आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावें लागे व त्यावरून गांवांत दोन तट पडत. आज त्याच घराण्यांतील पतवंडें मँचेस्टर, एडिंबरा, लंडन येथें शिकत आहेत, आणि घरांतील वडील मंडळी मेतकूट-लोणच्याचे डबे बांधून देण्यांत गुंतलेली आहेत. परंतु डबे बांधण्याच्या पुष्कळ आधीं करावयाचें एक काम असतें, व तेंच बहुतेक घरांतून सर्वांत उशिरां हातीं घेतलें जातें. तें काम म्हणजे व्हिसाच्या अर्जास लागणाऱ्या कागदपत्रांची जुळवाजुळव.

परीक्षांची तयारी दोन-दोन वर्षें चालते. विद्यापीठ कोणतें निवडावें याची चर्चा दिवाळीपासून होळीपर्यंत पुरते. आणि कागदपत्रांसाठीं मात्र जुलै महिन्यांतले आठ-दहा दिवस काय ते उरतात. मग जन्माचा दाखला एका गांवीं, बँकेचें खातें दुसऱ्या गांवीं आणि आईच्या नांवाचा पुरावा कोठेंच नाहीं, अशी धांदल उडते. ती टळावी या हेतूनें या विषयाचा थोडा खुलासेवार विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. जर्मनीस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास १ नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या शैक्षणिक दाखल्यांची तपासणी करवून घेऊन ‘एपीएस’ नांवाचें प्रमाणपत्र मिळवावें लागतें, आणि वर्षाच्या खर्चाची रक्कम सामान्यतः अशा बंद खात्यांत ठेवावी लागते कीं, ज्यांतून दरमहा ठराविक पैसेच काढतां येतात. अमेरिकेच्या बाबतींत वकिलातींतील अधिकाऱ्यासमोर होणाऱ्या मुलाखतीस फार महत्त्व आहे. सगळ्यांचें विवेचन एका लेखांत होणें शक्य नाहीं. म्हणून आम्ही ब्रिटनचेंच उदाहरण घेतों. त्यांतील मुख्य धडा मात्र कोणत्याहि देशास लागू पडेल.

अर्जाचा क्रम

ब्रिटनमध्यें सध्यांची विद्यार्थी-व्हिसाची पद्धत ५ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली. विद्यापीठानें प्रवेश देऊं केला, विद्यार्थ्यानें त्याच्या अटी पुऱ्या केल्या व मागितलेली अनामत भरली, म्हणजे विद्यापीठ त्याच्या नांवें एक नोंद करून तिचा क्रमांक कळवितें. हिला ‘कॅस’ म्हणतात. हा कागद नसून विद्यापीठानें सरकारास दिलेला शब्दच आहे, असें समजावें. अभ्यासक्रम कोणता, फी किती, पैकीं भरली किती, आणि कोणत्या गुणपत्रिका पाहून प्रवेश दिला, हें सर्व तींत नमूद असतें. तिच्यांत ज्या दाखल्यांचा उल्लेख असेल ते मूळ दाखले हाताशीं असलेच पाहिजेत.

परदेशांतून करावयाचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिन्यांहून अधिक आधीं करतां येत नाहीं. तसेंच कॅस मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तो करावा लागतो. निर्णय साधारणतः तीन आठवड्यांत मिळतो. सप्टेंबरांत वर्ग सुरू होतात असें धरलें तर अर्जाचा काळ जून ते ऑगस्ट ठरतो. पण तयारीचा काळ त्याच्या एक वर्ष आधींचा आहे, आणि तो कां, हें पुढील दोन प्रकरणांवरून दिसून येईल.

नांवाची एकवाक्यता

आपल्या महाराष्ट्राच्या परीक्षामंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनांव प्रथम येतें, मग विद्यार्थ्याचें नांव, मग वडिलांचें, आणि आईचें नांव निराळ्या ओळींत असतें. पासपोर्टावर आडनांवाचा रकाना वेगळा व नांवाचा वेगळा. जन्माच्या दाखल्यावर कधीं बारशाचें नांव, कधीं व्यवहारांतलें; आणि कधीं तर नांवाची जागा कोरीच असते, कारण बाळाचें नांव ठरण्यापूर्वींच जन्माची नोंद झालेली असते. कोठें ‘जोशी’ हें इंग्रजींत एका तऱ्हेनें लिहिलेलें, तर कोठें दुसऱ्या तऱ्हेनें. आपण हें सारें एकाच माणसाचें म्हणून सहज ओळखतों; परंतु हजारों मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्यास आपली नांवें लिहिण्याची पद्धत ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्याच्या पुढें तीन कागद तीन नांवांचे आले, तर त्यास तीन माणसें दिसतात.

याहून नाजूक प्रश्न आईच्या नांवाचा आहे. लग्नांत ताटांतील तांदळांवर अंगठीनें नवें नांव लिहून वधूचें नांव बदलण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आनंदीबाई जोशी यांचें माहेरचें नांव यमुना होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. १८८३ सालीं त्या वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं पदवीधर झाल्या. त्या काळीं यमुना आणि आनंदी एकच, हें सिद्ध करण्यासाठीं त्यांना कोणा अधिकाऱ्यास कागद दाखवावे लागले नाहींत. आजच्या कन्येच्या आईचें मात्र तसें नाहीं. तिची पदवी माहेरच्या नांवाची, बँकेचें खातें सासरच्या नांवाचें, आणि मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर घरांत हाक मारण्याचें तिसरेंच नांव. मुलीच्या शिक्षणासाठीं आईनें वर्षानुवर्षें सांठविलेले पैसे खात्यांत आहेत. परंतु हें खातें याच आईचें, हें दाखविणारा कागद घरांत नाहीं! अशा वेळीं आईच्या कष्टाचा पैसा असून नसल्यासारखा होतो.

यावर उपाय आहेत, पण ते वेळ घेणारे आहेत. जन्माच्या दाखल्यावर नांव नसल्यास तें नगरपालिकेंत अथवा ग्रामपंचायतींत अर्ज करून घालून घ्यावें. आई-वडिलांच्या विवाहाची नोंद झालेली नसल्यास ती आतां करून घ्यावी. उशिरां केलेली नोंदहि होऊं शकते. नांवांत मोठा फरक असल्यास प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रांत नांवबदल प्रसिद्ध करण्याची रीत आहे. पासपोर्ट काढतांना आई-वडिलांचीं नांवें जन्माच्या दाखल्यांतल्याप्रमाणेंच लिहावीं. जुना दाखला केवळ मराठींत असेल, तर त्याचें इंग्रजी भाषांतर करवून घ्यावें. त्यावर भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचें भाषांतरकारानें लिहून दिलेलें असावें आणि तारीख, त्याचें नांव, सही व पत्ता हीं असावींत. घरच्याच कोणी इंग्रजी जाणणाऱ्यानें केलेलें भाषांतर येथें उपयोगी पडत नाहीं.

पैशाचा पुरावा

अर्ज नामंजूर होण्याचें एक ठळक कारण पैशाच्या पुराव्यांतील दोष हें असतें. आणि पुष्कळदां पैसा असतो, फक्त नियमाप्रमाणें ठेवलेला नसतो. दाखवावयाची रक्कम दोन भागांची असते: पहिल्या वर्षाची भरावयाची राहिलेली फी, आणि निर्वाहाचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून करावयाच्या अर्जांसाठीं निर्वाहाचा खर्च लंडनमध्यें दरमहा १,५२९ पौंड व लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो, आणि तो अधिकांत अधिक नऊ महिन्यांचा दाखवावा लागतो. म्हणजे लंडनसाठीं १३,७६१ पौंड व इतरत्र १०,५३९ पौंड. हे आंकडे वेळोवेळीं बदलतात, म्हणून अर्जाच्या आधीं ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते पुनः पाहून घ्यावे.

ही रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यांत असली पाहिजे, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून एकतीस दिवसांच्या आंतला असला पाहिजे. समजा, अर्ज २० जुलैस करावयाचा व बँकेचा उतारा १५ जुलैपर्यंतचा आहे. तर १८ जूनपासून १५ जुलैपर्यंत एकाहि दिवशीं शिल्लक ठरलेल्या रकमेखालीं जातां कामा नये. एका दिवसाचा विमानतिकिटाचा खर्च त्या खात्यांतून झाला व शिल्लक शंभर पौंडांनीं खालीं गेली, तरी पुरावा फुकट गेला. रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशींच्या दरानें मोजले जातात. दर आपल्या हातीं नसल्यामुळें थोडी रक्कम वरकड ठेवणें शहाणपणाचें.

पैसा कोणाच्या खात्यांत असावा, याविषयीं आपल्याकडील समजूत आणि तेथील नियम यांत मोठें अंतर आहे. आपल्याकडे काका, मामा, आजोबा हे परके नव्हेत. पुतण्याच्या शिक्षणाचा भार काकानें उचलणें यांत आपणांस विशेष असें कांहींच वाटत नाहीं. नियमास मात्र स्वतः विद्यार्थी आणि त्याचे आई-वडील किंवा कायदेशीर पालक एवढेच मान्य आहेत. काकांचें अथवा आजोबांचें खातें चालत नाहीं. पैसे आई-वडिलांचे असतील तर नातें दाखविणारा जन्माचा दाखला व त्यांचें संमतिपत्र जोडावें लागतें. काकांना खरोखरच मदत करावयाची असेल, तर ती रक्कम पुष्कळ आधीं रीतसर आई-वडिलांच्या अथवा विद्यार्थ्याच्या खात्यांत द्यावी, व ती दिल्याचें पत्र जवळ ठेवावें.

मुदतीची ठेव चालते. मात्र तिच्यांतील पैसे केव्हांहि ताबडतोब काढतां आले पाहिजेत. समभाग, सोनें, जमीन, आणि जो ताबडतोब काढतां येत नाहीं असा भविष्यनिर्वाह निधि, हीं धरलीं जात नाहींत. शैक्षणिक कर्ज घेतलें असेल तर तें विद्यार्थ्याच्या नांवें असावें आणि बँकेचें मंजुरीपत्र सहा महिन्यांहून जुनें नसावें. तशा पत्रास अठ्ठावीस दिवसांची अट लागत नाहीं.

आरोग्य-अधिभार हा खर्च पुष्कळांच्या हिशेबांतून सुटतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांस तो दरसाल ७७६ पौंड आहे, व व्हिसाच्या सर्व मुदतीचा अर्जाबरोबरच भरावा लागतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमास व्हिसा वर्षाहून थोडा अधिक मिळत असल्यामुळें तो दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड, भरतो. ही रक्कम दाखवावयाच्या शिलकेबाहेरची आहे. तसेंच सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्या भारतीयास क्षयाची तपासणी ब्रिटिश सरकारनें मान्य केलेल्या दवाखान्यांतच करवावी लागते. नेहमींच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाहीं. तें प्रमाणपत्र सहा महिने टिकतें.

दाखविण्याचा पैसा

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अठ्ठावीस दिवसांसाठीं व्याजानें रक्कम खात्यांत आणून ठेवावयाची आणि मुदत सरतांच परत करावयाची, असला मार्ग सुचविणारे मध्यस्थ भेटतात. “सगळेच करतात,” हें त्यांचें एकमेव समर्थन असतें. एरवीं पै-पैचा हिशेब चोख ठेवणारीं, खोटें बोलणाऱ्या मुलास रागें भरणारीं माणसेंहि मुलाच्या भवितव्याच्या नांवाखालीं या मोहास बळी पडतात, हें खेदानें म्हणावें लागतें.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी हा सौदा आंतबट्ट्याचा आहे. पैसा खरोखर आपला आहे कीं नाहीं याची चौकशी करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे. खोटे कागद अथवा फसवणूक उघडकीस आली, तर अर्ज नामंजूर होतोच. शिवाय दहा वर्षेंपर्यंत त्या देशाचें दार बंद होऊं शकतें. पूर्वीं कोणत्याहि देशानें व्हिसा नाकारलेला असल्यास अर्जांत तें विचारलें जातें. तें लपविणें हीहि फसवणूकच. नकार मिळाला होता हें सांगण्यांत लाज नाहीं. तें दडविण्यांत मात्र मोठा धोका आहे. पण व्यवहाराहून मोठी गोष्ट ही कीं, ज्या मुलाच्या विद्येचा आरंभ आई-वडिलांनीं शिकविलेल्या खोट्यानें झाला, त्यास पुढें प्रामाणिकपणाचा उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा? आणि वर्ष सरल्यावर तो उसना पैसा तेथें नसतोच. मग फी कोठून भरावयाची या विवंचनेंत परमुलखांत एकटें पडलेलें मूल अभ्यास काय करणार? पैसा कमी असेल तर कर्ज काढावें, शिष्यवृत्तीसाठीं खटपट करावी, एक वर्ष थांबून नोकरी करावी. थांबण्यानें मुलाचें कांहीं बिघडत नाहीं.

हें काम कोणीं करावें?

बहुधा वडील धांवपळ करतात, मध्यस्थ अर्ज भरतो आणि मुलगा सही करतो. ही पद्धत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अर्जदारास मुलाखतीसाठीं बोलाविलें जाऊं शकतें. हाच अभ्यासक्रम कां, फी किती, पैसा कोणाचा, पुढें काय करावयाचें, असे साधे प्रश्न तींत असतात. ज्यानें स्वतः कागद जुळविले त्यास हीं उत्तरें पाठ करावीं लागत नाहींत. याखेरीज आपल्या शिक्षणासाठीं घरानें किती व कसें खर्चिलें, हें त्या आंकड्यांतून त्याला प्रथमच नीट कळतें. मुलींच्या बाबतींत तर आम्ही हें अधिकच आग्रहानें सांगतों. जी एकटी परदेशीं राहणार, तिला आपल्या घरचा बँकेचा व्यवहार येऊं नये काय?

तेव्हां मुलाचें शेवटचें वर्ष सुरू होतांच एक वही घालावी. पहिल्या तिमाहींत पासपोर्ट, जन्माचा दाखला, विवाहनोंद आणि सर्व गुणपत्रिका समोर ठेवून त्यांवरील नांवें एकाखालीं एक लिहावीं व फरक दिसेल तेथें दुरुस्तीस लागावें. दुसऱ्या तिमाहींत खातीं, ठेवी व कर्ज यांचा विचार ठरवावा. प्रवेश निश्चित झाल्यावर क्षयाची तपासणी आणि भाषांतरें उरकावींत. अठ्ठावीस दिवसांची मोजणी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून ठेवावी, आणि त्या दिवसांत त्या खात्यास कोणीं हात लावूं नये. मूळ कागदांचा एक संच घरीं, एक मुलाजवळ व छायाचित्रित प्रती निराळ्या, अशी व्यवस्था असावी. जेथें मूळ एकच आहे तेथें त्याची अधिकृत नक्कल काढून घ्यावी.

आपल्या घरांतून जन्मपत्रिका जपून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. लाल फडक्यांत बांधलेली ती गुंडाळी तीन घरें बदललीं तरी हरवत नाहीं. तेवढीच काळजी जन्माच्या दाखल्याची व आईच्या नांवाच्या पुराव्याची घेतली, तर जुलै महिन्यांतली धांदल पुष्कळ अंशीं टळेल. आणि मुलें परदेशीं जातील तीं आपल्या खऱ्या नांवानें व खऱ्या पैशानें जातील.